रस्ता रुंद, मोहल्ला अरुंद?

रस्ता रुंद झाला म्हणजे विकास झाला, असे आपल्या इंदूरात सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही.

१९१८ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबाराला इंदूरविषयी अहवाल दिला. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध होता. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढा, तेथे छोटा चौक करा, झाड लावा आणि बाकीचा मोहल्ला नांदू द्या, असे ते सांगत. प्लेगच्या त्या दिवसांत, दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ मोहल्ल्यांतूनच जाईल असे त्यांनी जाहीर केले आणि लोक झाडू घेऊन कामाला लागले. २०१७ ते २०२३ सलग सात वर्षे इंदूर देशात स्वच्छतेत पहिले आले, तेही घरोघरी कचरा वेगळा होऊ लागला म्हणूनच.

रुंदीकरणात आधी ओटले जातात. ओटल्यावरची आजी गेली की गल्लीतल्या मुलांवर नजर ठेवणारे कोणी उरत नाही. मग पालक मुलांना गाडीने सोडतात, शाळेच्या फाटकाशी गर्दी होते आणि पुन्हा रुंदीकरणाची मागणी होते!

विश्वस्तांनी महापालिकेकडे शाळेभोवती पदपथ आणि सावलीची झाडे मागावीत. जवळ राहणाऱ्या पालकांनी आठवड्यातून एक दिवस तरी मुलांसोबत पायी यावे. आणि मुलांनो, येताना आपल्या गल्लीतल्या पाच घरांची नावे पाठ करून या. मी विचारणार आहे.

— मुख्याध्यापक