पाचशेव्या मजल्यावरचे शहर

उन्हाळा लागला की मुंबई-पुण्याकडची मध्यमवर्गीय कुटुंबे सिमल्याची वाट धरतात. थंड हवा, देवदारांची दाट राई, मॉलवरचा सायंकाळचा फेरफटका यांची ओढ स्वाभाविक आहे, आणि तिच्यात गैर असे काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला विसाव्याचा हक्क आहे. तो मूठभरांपुरता न राहता सर्वांना लाभावा, असेच कोणताही समाजवादी म्हणेल. प्रश्न वेगळा आहे. हा विसावा कोणाच्या पाठीवर उभा आहे, याची जाणीव तो घेणाऱ्याला असते काय?

सिमला ही साम्राज्याच्या सोयीने वसलेली वस्ती आहे. १८६४ साली जॉन लॉरेन्स यांच्या कारकिर्दीत ती हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी ठरली. तेव्हापासून दरवर्षी कलकत्त्याहून आणि पुढे दिल्लीहून अधिकारी, कारकून आणि फायलींचे पेटारे डोंगर चढू लागले. मॉलवर गाडी नेण्याची मुभा व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे गव्हर्नर एवढ्यांनाच होती. इतर साहेब-मडमांच्या रिक्षा माणसे ओढीत. मे १९२१ मध्ये गांधीजी लॉर्ड रीडिंग यांच्या भेटीसाठी सिमल्यास गेले. परतल्यावर त्यांनी या राज्यकारभाराला पाचशेव्या मजल्यावरून चालणाऱ्या दुकानाची उपमा दिली. इतक्या उंचावर बसणाऱ्याला तळच्या माणसाचा आवाज ऐकू येणार कसा, हा त्या उपमेचा रोख होता.

आवाज ऐकू येत नसला, तरी तळच्या माणसाची पाठ मात्र हवी होती. १९०३ साली कालका-सिमला रेल्वे सुरू झाली. परंतु रेल्वे सिमल्याला थांबे, आणि साहेबांचे दौरे, शिकारी व सहली पलीकडच्या डोंगरांत चालत. तेथे ओझे वाहण्याची सक्ती गावकऱ्यांवर असे. तिचे नाव बेगार. पेरणी असो वा कापणी, हुकूम आला की शेत टाकून अधिकाऱ्याचे सामान पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचवावे लागे.

ही प्रथा कोणाच्या कृपेने संपली नाही. फिलाडेल्फियाच्या सधन कुटुंबात जन्मलेले सॅम्युएल स्टोक्स १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले आणि सिमल्यापलीकडच्या कोटगढला स्थायिक झाले. हिमाचलात आज त्यांचे नाव सफरचंदांच्या बागांमुळे घेतले जाते. पण त्यांचे त्याहून मोठे कार्य हे, की त्यांनी कोटगढच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून बेगार नाकारण्यास उभे केले. शेतकऱ्यांची एकजूट टिकली आणि १९२१ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षीच्या जानेवारीत कुमाऊँत, बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत, लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयूच्या पात्रात फेकून दिल्या होत्या. साम्राज्य जाण्यास अद्याप सव्वीस वर्षे होती. तोवर थांबण्याची गरज या डोंगरी शेतकऱ्यांना वाटली नाही, हे विसरता कामा नये.

१९४७ नंतर सिमल्याचे धनी बदलले. १८८८ साली बांधून पूर्ण झालेल्या व्हाइसरॉयच्या प्रासादात १९६५ पासून भारतीय उच्च अध्ययन संस्था नांदते आहे. सत्तेचे स्थान विद्येला मिळाले, ही स्वातंत्र्याची एक सुंदर खूण होय. शहराची घडण मात्र तीच राहिली. मॉलवर आजही सर्वसाधारण वाहनांना मज्जाव आहे. त्यामुळे पर्यटकाला मोकळेपणी हिंडता येते, आणि गॅसच्या टाक्या, गाद्या, कपाटे मात्र पाठीवरून चढवावी लागतात. हे ओझे वाहणाऱ्यांत काश्मीरहून आलेले हमाल मोठ्या संख्येने आहेत. कायद्याची सक्ती गेली. तिच्या जागी पोटाची सक्ती आली.

पाण्याची कथा याहून बोलकी आहे. सिमल्याला पाणी खालच्या खोऱ्यांतून पंपांनी चढवून आणावे लागते. २०१५-१६ च्या हिवाळ्यात अश्वनी खड्डच्या प्रवाहात सांडपाणी मिसळून शहरात काविळीची साथ पसरली आणि तो पुरवठा बंद करावा लागला. पुढे मे २०१८ मध्ये, दररोज सुमारे ४२ दशलक्ष लिटर पाण्याची गरज असताना, पुरवठा जवळजवळ निम्म्यावर आला. बायाबापड्या घागरी घेऊन रांगांत उभ्या राहिल्या, लोक रस्त्यावर उतरले. अखेर राज्यपाल व मुख्यमंत्री यांची निवासस्थाने वगळता मंत्री, न्यायाधीश वा अधिकारी कोणाकडेही टँकर पाठवू नये, असे उच्च न्यायालयाला बजावावे लागले. टँकर कोणाच्या दारी आधी जातो, हे त्या आदेशावरूनच कळते. संकटानंतर पाणीपुरवठा एका स्वतंत्र कंपनीकडे गेला आणि सतलजचे पाणी वर आणण्याची योजना जागतिक बँकेच्या कर्जातून आखली गेली. पाणी येईल, पण ते कोणाला, किती आणि कोणत्या दराने, हे ठरविणार कोण?

डोंगराच्या उताराचा प्रश्नही याच जातीचा आहे. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सिमल्यातील बांधकामावर कडक निर्बंध घातले. काही भागांत ते पूर्ण थांबविले, तर इतरत्र दोन मजले व पोटमाळा अशी मर्यादा घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये अतिवृष्टीत समरहिल येथील शिवमंदिर दरडीखाली गाडले जाऊन वीस जणांचा बळी गेला. त्यानंतर पाच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने लवादाचे आदेश रद्द करून शासनाच्या विकास आराखड्याचा मार्ग मोकळा केला. शहराचा आराखडा न्यायाधिकरणाने आखू नये, हे तत्त्व मान्य होण्यासारखे आहे. परंतु मग तो आखण्यात रहिवाशांचा वाटा किती, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे.

तो वाटा मिळण्याचा एक मार्ग काही काळ खुला होता. २०१२ साली सिमल्याच्या नागरिकांनी महापौर आणि उपमहापौर थेट मतदानाने निवडले, आणि दोन्ही पदांवर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार आले. सभागृहात त्यांचे बहुमत नव्हते, त्यामुळे त्यांच्या कारभाराविषयी मतभेद संभवतात. पण २०१७ च्या निवडणुकीपर्यंत ही थेट निवडीची पद्धतच मोडीत निघाली होती. कारभाऱ्यांना ज्या अधिकाराची अडचण होते, तो आधी कमी केला जातो, हा अनुभव केवळ सिमल्याचा नाही.

पर्यटन बंद करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. म्हणणे एवढेच, की पाहुण्याची सोय ही यजमानाच्या हक्कानंतर यावी. हमालाला मजुरीची व विम्याची हमी असावी. आणि पाणी व उतार यांचे निर्णय तेथे बारमाही राहणाऱ्यांच्या हाती असावेत. सिमल्यास जाणाऱ्या कार्यकर्त्याने प्रासाद अवश्य पाहावा. मात्र मॉलवरून खाली उतरून, तेथल्या वस्तीत नळाला किती वेळ पाणी येते, हेही विचारावे. कोटगढच्या शेतकऱ्यांनी एके दिवशी साहेबांचे ओझे उचलण्यास नकार दिला, तेव्हा पाचशेव्या मजल्यावरही त्यांचा आवाज पोहोचला होता.