गुळाचा डोनट हाही गोडच



आजचा लेख वाचून काही जणी रागावतील. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा.

सध्या आपल्या मंडळात, भिशीत, नातवंडांच्या वाढदिवसाला एक नवा पदार्थ शिरला आहे: ओव्हनमध्ये भाजलेला, फळं घातलेला 'हेल्दी डोनट'. बिनअंड्याचा, बिनयीस्टचा, न तळलेला. करणारी सांगते, "खा हो, बेक्ड आहे, गुळातला आहे, फळं आहेत, काही होत नाही." ऐकणारी दोन उचलते आणि तिसरा रुमालात बांधून नेते.

माझं म्हणणं एवढंच, की त्या पदार्थाला 'हेल्दी' म्हणणं बंद करा. डोनट करा, पण हे खोटं नाव टाका.

हे मी दुसऱ्यांना शिकवायला सांगत नाही, स्वतःवरून सांगते. गेल्या वर्षी नातीसाठी मी डोनटचा साचा आणला. शाळेतून येताना ती बाहेरचे डोनट मागायची. त्यात अंडं असतं, वरच्या सजावटीत काय असतं देवच जाणे. म्हटलं, घरी करू. दर आठवड्याला १२ डोनट होऊ लागले. नात खायची २-३ आणि उरलेले आजी संपवायची. चहाबरोबर एक, दुपारी एक. मनात जराही खटका नाही, कारण पदार्थ 'हेल्दी' होता. आठ महिन्यांनी तपासणी केली तर एचबीएवनसी ६ वरून ६.८ वर गेलेलं. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरांनी विचारलं, "गोड किती खाता?" मी म्हटलं, "गोड तर मी सोडलंच आहे." आणि हे मी अगदी खऱ्या मनाने सांगत होते!

नुसत्या डोनटमुळे झालं असं मी म्हणणार नाही. वय आहे, घरात आईला मधुमेह होता. पण त्या दिवशी घरी येऊन मी वही काढली. बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी जमाखर्च मांडायची सवय गेलेली नाही.

१२ डोनटना मी घेत होते: मैदा २०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, दोन केळी आणि वरच्या लेपाला पिठीसाखर ९० ग्रॅम. गूळ नि साखर मिळून २४० ग्रॅम. भागिले १२, म्हणजे एका डोनटमध्ये २० ग्रॅम. चार चमचे! दोन खाल्ले की आठ. चहात कुणी आठ चमचे साखर घातली तर आपण तिला वेडी म्हणू. मी तेच करत होते आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. माझा एक डोनट त्यातले २० घेऊन बसत होता.

आता तुमची उत्तरं मला माहीत आहेत, एकेक घेऊ.

"पण गूळ आहे ना, साखर नाही." अहो, कॅलरीत दोघांत जेमतेम फरक आहे. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण लोहासाठी नाचणी, बाजरी, हळीव आहे की! आणि आपल्या शास्त्राने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, मीठ आणि गोड असे सहा रस सांगितले. त्या गोडात गूळ आणि साखर एकत्रच येतात. 'गोड रस सोडला' असा नियम घेऊन कुणी गूळ खाल्लेला मी पाहिला नाही. मग डोनटमध्येच गुळाला सूट कुठून आली?

"तळलेला तर नाही." नाही, पण १०० ग्रॅम बटर पिठात गेलं त्याचं काय? कढई दिसली नाही म्हणून स्निग्धता गेली असं होत नाही.

"फळं आहेत." फळ अख्खं खाल्लं तर चोथा पोटात जातो, चावायला वेळ लागतो, पोट भरतं. डबाबंद गोड गर आणि जॅम घातला तर ते फळाच्या नावाने साखरच घालणं झालं. दोन केळी बारा जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला किती आली, तेही मोजा.

"साखरेऐवजी मध घाला, अंजिराची पेस्ट घाला," असं तर मोबाईलवरच्या बायका सर्रास सांगतात. त्यांचं ठीक आहे. पण आपल्या काही सुना ते तसंच करतात आणि सासवा गप्प बसतात, याचं मला आश्चर्य वाटतं. मद्य, मांस, मधु हे तीन मकार आणि पंच उदुंबर फळं यांचा त्याग म्हणजे श्रावकाचे मूलगुण. मध त्यात आला, अंजीरही उदुंबराच्याच कुळातलं. आरोग्याच्या नावाखाली मूळ नियमच मोडायचा का? आणि मधही शेवटी साखरेतच मोजतात.

एक उत्तर मात्र मी मान्य करते: "घरी केलं नाही तर मुलं बाहेरचं खातील." खरं आहे. बाहेरच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहावा लागतो, बारीक अक्षरं वाचावी लागतात. १२० नंबरचा लाल रंग किड्यांपासून होतो, जिलेटीन हाडा-कातड्यांपासून. यासाठी घरचं चांगलं. पण 'बाहेरच्यापेक्षा बरं' आणि 'हेल्दी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही गल्लत करूनच मी फसले.

मी डोनट बंद केले नाहीत. आता असे करते, १२ लहान होतात:

कणीक १५० ग्रॅम, किसलेला गूळ ६० ग्रॅम, ताजं दही १०० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम, दोन पिकलेल्या चिकूंचा न गाळलेला गर, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा पाव चमचा, वेलदोड्याची पूड, लागेल तसं दूध. आधी गूळ, दही, तेल, गर एकजीव करायचं, मग कोरडं साहित्य चाळून घालायचं. फार फेटायचं नाही, नाहीतर चिवट होतात. तूप लावलेल्या साच्यात निम्म्याहून थोडं जास्त भरून १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. वर लेप नाही, सफरचंदाचे पातळ काप किंवा डाळिंबाचे दाणे. पौष्टिक म्हणून कुणी बेसन घालायला सांगेल, पण दह्याबरोबर डाळीचं पीठ म्हणजे द्विदल होतं, हे ध्यानात ठेवा.

मैदा काढल्याने आणखी एक गोष्ट झाली. मैद्यात चोथा शंभर ग्रॅमला ३ ग्रॅमसुद्धा नसतो, कणकेत सुमारे ११. शिवाय आपल्याकडे पिठाला मर्यादा आहे: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. मैद्याचं पाकीट किती महिन्यांचं असतं, कोण जाणे! घरच्या ताज्या पिठाने तो प्रश्न मिटला.

आता एका डोनटमध्ये गूळ ५ ग्रॅम. मी एक खाते, महिन्यातून दोनदा, सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी. आणि खाताना स्वतःला सांगते, "मी गोड खाते आहे."

आपल्या आज्यांनी बुंदीच्या लाडवाला कधी 'हेल्दी' म्हटलं नाही. तो गोड होता, म्हणून सणाला झाला, मोजून वाटला गेला आणि डबा वरच्या फळीवर गेला. नाव खरं होतं म्हणून हात आवरता येत होता. आपण नाव बदललं आणि हात सुटला. ऊनोदर हे तप आहे, मैत्रिणींनो, पण पुढ्यातलं ताट मुळात काय आहे हेच कबूल केलं नाही, तर कमी कशाचं करणार?

परवा नात म्हणाली, "आजी, हेल्दी डोनट कर ना." मी म्हटलं, "डोनट करते. हेल्दी म्हणजे ते चिकू, जे तू बाजूला काढून ठेवतेस." ती हसली आणि एक चिकू खाल्ला. अर्धाच, पण खाल्ला.

पुढच्या भिशीला मीही डोनट आणणार आहे. एकीला एक. दुसरा मागू नका.