रद्दीचा काटा आणि ग्रंथाचे मोल

मुंबईत काळबादेवी रस्त्यावर, धोबीतलावानजीक १९०५ साली सुरू झालेले 'न्यू अँड सेकंडहँड बुकशॉप' २०११ साली बंद झाले. शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या या दुकानाचा दरवाजा मिटला, तेव्हा जुने वाचक हळहळले आणि शहर आपल्या कामाला लागले. दुकाने उघडतात व बंद होतात, त्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. आमच्या मते विशेष आहे, आणि ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

घरातील वाचणारे माणूस निवर्तते, बिऱ्हाड लहान जागेत हलते, मुले परगावी असतात. आणि कपाटभर पुस्तके रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. काट्याला वजन कळते, मोल कळत नाही. दुर्मिळ कोशाची पहिली आवृत्ती आणि गतवर्षीचे परीक्षा-मार्गदर्शक यांना तेथे एकच भाव मिळतो. त्या ढिगाऱ्यातून जपण्याजोगे ते ओळखून बाजूला काढणारी जाणती नजर जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याजवळ असते. तो नाहीसा झाला की लगद्याची गिरणी आणि ग्रंथ यांच्यामध्ये कोणीच उरत नाही.

ग्रंथालये आहेत ना, हा आक्षेप अपुरा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर राष्ट्रीय ग्रंथालयास प्रती देण्याचे बंधन घातले खरे. परंतु ते त्यापुढील प्रकाशनांपुरते. शंकर गणेश दाते यांनी अपार कष्टाने सिद्ध केलेल्या 'मराठी ग्रंथसूची'त १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची नोंद आहे. अभ्यासकाला त्या सूचीत पुस्तकाचे नाव सापडते. प्रत मात्र पुष्कळदा सापडत नाही. सारे काही आता संगणकावर मिळते, असे म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की, छायाप्रत काढण्यासाठी आधी मूळ प्रत कोणीतरी वाचविलेली असावी लागते.

शिवाय ही दुकाने म्हणजे गरीब विद्यार्थ्याचे विद्यापीठ होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमधील विद्यार्थिदशेत, पोटाला चिमटा घेऊन, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले होते. अर्ध्या किमतीचे पुस्तक अर्ध्या योग्यतेचे नसते, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

असे असता या व्यवसायाच्या वाट्याला काय आले? मुंबईत फाउंटनच्या पदपथावरील ग्रंथविक्रेत्यांवर २००५ साली महापालिकेने कारवाई केली. पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे असावेत, हे आम्हांला मान्य आहे. परंतु उठविणे आणि बसविणे ही दोन्ही कर्तव्ये नगरपालिकांचीच आहेत. शहराच्या मध्यभागी या विक्रेत्यांना माफक भाड्याची निश्चित जागा देणे कोणत्याही महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही. सार्वजनिक संस्थांच्या खरेदीची रीतही बदलली पाहिजे. दरपत्रके मागवून सर्वांत कमी भावाने घेण्याची पद्धत नव्या पुस्तकांना ठीक. ज्याची एकच प्रत हाती लागली आहे, त्याची तीन दरपत्रके कोठून आणावयाची? जाणकारांच्या शिफारशीवरून असे ग्रंथ थेट विकत घेण्याची मुभा आणि त्यासाठी स्वतंत्र तरतूद विद्यापीठांना व ग्रंथालयांना असावी.

मात्र सारा भार सरकारवर टाकून सुशिक्षितांना मोकळे होता येणार नाही. काट्यावर चढणारी पुस्तके आपल्याच घरांतून जातात. वडिलांचे कपाट रिकामे करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या विक्रेत्याला ते दाखविण्यास किती वेळ लागतो?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्राने आनंद व्यक्त केला. तो यथार्थच होता. परंतु भाषेची थोरवी ज्या पानांवर उमटली आहे, ती पाने आपण किलोच्या भावाने विकत राहिलो, तर त्या दर्जाचा साक्षीपुरावा पुढच्या पिढीला आपण कोठून दाखविणार आहोत?