घरकर्ज : मध्यस्थाच्या हातीं कीं स्वतःच्या पायीं?

घर विकत घ्यावें किंवा बांधावें, हा प्रसंग बहुतेक कुटुंबांत एका पिढींत एकदांच येतो. अशा वेळीं जागेचा उजेड पाहिला जातो, पाण्याची सोय पाहिली जाते, शेजार कसा आहे याचीही चौकशी होते. परंतु ज्या कर्जाच्या आधारावर हें सारें उभें राहावयाचें, त्या कर्जाची चौकशी मात्र पुष्कळदां एका दुपारींच आटोपते. बांधकाम-व्यावसायिकाच्या कचेरींत एक तरुण गृहस्थ हंसतमुखानें पुढें येतात, "कागदपत्रें मजकडे द्या, बाकीचें मी पाहतों," असें म्हणतात, आणि घरांतील कर्ता पुरुष सुटकेचा निःश्वास टाकून कागदांची पिशवी त्यांच्या स्वाधीन करतो. वीस वर्षांचें ओझें कोणत्या अटींवर डोक्यावर घेतलें, हें त्यास पुढें हप्ते सुरू झाल्यावर कळूं लागतें.

म्हणून घरासाठीं कर्ज काढावयाचें तें मध्यस्थामार्फत काढावें, कीं थेट बँकेच्या दारीं जावें, या प्रश्नाचा या महिन्यांत थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या बाबतींत दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, दलाल तेवढा लबाड. तर कोणी म्हणतात, आजकाल माणूस लावल्यावांचून कोणतेंही काम होत नाहीं. आमच्या मतें हीं दोन्ही मतें उतावीळपणाचीं आहेत.

प्रथम हा मध्यस्थ कोण, हें नीट समजून घेतलें पाहिजे. एके काळीं कर्ज मिळविणें हेंच कठीण असे, आणि ऋणको धनकोच्या पायऱ्या झिजवीत असे. आज धनकोच ऋणकोस शोधीत फिरतो आणि त्यास शोधून आणणाऱ्याच्या हातावर दक्षिणा ठेवतो. ज्यास लोक 'लोन एजंट' म्हणतात व बँका आपल्या दप्तरीं 'डीएसए' म्हणतात, तो हा शोधून आणणारा होय. त्याचा मोबदला त्यास बँकेकडून अथवा गृहवित्त कंपनीकडून मिळतो; तो दिलेल्या कर्जाच्या रकमेच्या प्रमाणांत मिळतो; आणि पुष्कळ एजंट एकाच वेळीं अनेक संस्थांचें काम करीत असल्यामुळें कोणत्या संस्थेकडून किती मिळतें, हेंही त्यास ठाऊक असतें. या तीन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढील बराचसा प्रश्न आपोआप उलगडतो.

यावरून एजंट अप्रामाणिक असतो असें अनुमान कोणी काढूं नये. वकील ज्याची फी घेतो त्याची बाजू मांडतो, यांत वकिलाचा दोष नाहीं. परंतु प्रतिपक्षाचा वकील आपलाच आहे, अशा समजुतीनें जो वागेल त्याचें नुकसान झाल्याखेरीज राहणार नाहीं. कर्जाची रक्कम वाढली कीं एजंटाचा मोबदला वाढतो. म्हणून "आणखी पांच लाख घेऊन ठेवा, फर्निचरास उपयोगी पडतील," हा सल्ला ऐकतांना तो कोणाच्या हिताचा, याचा विचार करावा. यादींत पहिलें नांव कोणत्या संस्थेचें आहे आणि तें पहिलें कां आहे, हेंही विचारावें.

इतर कांहीं देशांत कायद्यानें या कामांत लक्ष घातलें आहे. ब्रिटनमध्यें २००४ सालापासून घरकर्जाचा सल्ला देणारे मध्यस्थ वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालीं आले. ऑस्ट्रेलियांत १ जानेवारी २०२१ पासून अशा मध्यस्थानें ऋणकोचें हित स्वतःच्या हिताच्या आधीं पाहिलें पाहिजे, असें बंधन आहे. आपल्याकडील एजंटावर असें कर्तव्य कायद्यानें घातलेलें नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा रोख निराळा आहे. तिच्या २००६ सालच्या सूचनांप्रमाणें कर्ज मंजूर करण्याचा निर्णय बँकेस बाहेरच्या माणसावर सोंपवितां येत नाहीं, आणि बँकेनें नेमलेल्या माणसाच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच राहते. तेव्हां "मंजुरी माझ्या हातांत आहे" असें जो सांगतो, तो आपणांस नसलेला अधिकार सांगत असतो, हें ओळखावें.

आतां थोडें गणित करूं. समजा, पन्नास लाख रुपयांचें कर्ज वीस वर्षांच्या मुदतीनें काढावयाचें आहे. दरसाल शेंकडा ८.५० दरानें महिन्याचा हप्ता सुमारें ४३,३९१ रुपये पडतो, ८.७५ दरानें तोच सुमारें ४४,१८६ रुपये होतो. हा पाव टक्क्याचा भेद महिन्यास आठशें रुपयांहूनही कमी, म्हणून कोणी त्याकडे फारसें पाहत नाहीं. परंतु २४० हप्त्यांत तो एक लाख नव्वद हजारांवर जातो. "प्रोसेसिंग फी माफ करून देतों," असें म्हणून दहा-पंधरा हजारांची बचत पुढें करणारा मनुष्य जर दरांत पाव टक्का अधिक लावून देत असेल, तर ती बचत किती महाग पडली, हें घरांतील शाळकरी मूलही मांडून दाखवील.

मुदतीचेंही असेंच आहे. हेंच कर्ज ८.५० दरानें वीसाऐवजीं तीस वर्षांनीं फेडावयाचें ठरविलें, तर हप्ता सुमारें ३८,४४६ रुपयांवर उतरतो. पण एकूण परतफेड सुमारें १ कोटी ४ लाखांवरून १ कोटी ३८ लाखांवर चढते. महिन्याच्या पांच हजारांच्या सवलतीस चौंतीस लाखांची किंमत द्यावी लागते. ज्यांस खरोखरच हप्ता झेपत नसेल, त्यांनीं लांब मुदत घेणें गैर नाहीं. मात्र बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीपूर्वीं फेड केल्यास व्यक्तीस दंड लावतां येत नाहीं. तेव्हां हातीं चार पैसे येतांच त्यांनीं मुद्दल कमी करण्याचा निश्चय आधींच करून ठेवावा.

दराइतकाच दराचा प्रकार महत्त्वाचा असतो. बँकांनीं १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेलीं बदलत्या दराचीं नवीं घरकर्जें बाहेरच्या मानदंडाशीं, बहुतेक ठिकाणीं रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशीं, जोडलेलीं आहेत, आणि निदान तीन महिन्यांतून एकदां तो दर नव्यानें लावावा लागतो. गृहवित्त कंपन्यांस असें बंधन नाहीं. त्या आपल्या स्वतःच्या मूळ दरावर कर्ज देतात. रेपो दर उतरला असतां तो उतार जुन्या ऋणकोपर्यंत केव्हां व किती पोंचवावयाचा, हें बऱ्याच अंशीं कंपनीच्या मर्जीवर राहतें. एजंट जेव्हां दोन्हींचे दर एका कागदावर शेजारीं शेजारीं लिहून दाखवितो, तेव्हां हा भेद त्या कागदावर दिसत नाहीं. तो आपण विचारून घ्यावयाचा असतो.

मग एजंटाकडे कधींच जाऊं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांचें उत्पन्न पगाराचें नसून दुकान, वैद्यकी, भिक्षुकी, शिकवणी अथवा शेती यांवर चालतें. ज्यांची जागा जुन्या वाड्यांतील असून कागदांवर अनेक भाऊबंदांचीं नांवें आहेत. ज्यांचा अर्ज एका ठिकाणीं नाकारला गेला आहे. अशांस कोणती संस्था उभें करील, हें अनुभवी एजंटास आपल्यापेक्षां अधिक कळतें. वृद्ध दांपत्य एकटें राहत असेल व धांवपळ करणारें कोणी नसेल, तर त्याच्या पायांचाही उपयोग होतो. या सेवेचा मोबदला धनको देत असतोच. त्यासाठीं ऋणकोनें रोख रक्कम हातावर ठेवण्याचें कारण नाहीं.

उलट, ज्या घरांत नियमित पगार येतो, तेथें पगाराचें खातें असलेली बँक त्या माणसाची मिळकत वर्षानुवर्षें पाहत असते. इमारतीच्या प्रकल्पास त्या बँकेची मान्यता असेल, तर जागेच्या कागदांची बरीच तपासणीही आधींच झालेली असते. अशा कुटुंबानें प्रथम स्वतःच्या बँकेंत, नंतर आणखी एक-दोन ठिकाणीं स्वतः जावें. हें काम घरांतील सुशिक्षित सुनेनें अथवा मुलीनें अंगावर घेतलें, तर तें पुरुषमंडळींइतकेंच चोख होईल, किंबहुना अधिक चोख होईल, असा आमचा विश्वास आहे. कारण महिन्याच्या खर्चाचा खरा हिशेब बहुधा तिच्याच वहींत असतो.

मार्ग कोणताही धरला तरी निवाडा करावयास एक उत्तम साधन आतां उपलब्ध आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो वा कंपनी, तिनें करारापूर्वीं ऋणकोस 'की फॅक्ट स्टेटमेंट' नांवाचें पत्रक, त्यास समजेल अशा भाषेंत, दिलेंच पाहिजे. व्याज, फी, कायदेशीर तपासणीचा व विम्याचा आकार हें सर्व मिळून वर्षास शेंकडा किती पडतें, तो एकच आंकडा 'एपीआर' या नांवानें त्यांत दिलेला असतो. पत्रकांत न लिहिलेला आकार ऋणकोच्या स्पष्ट संमतीवांचून घेतां येत नाहीं, आणि विचार करण्यास निदान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात. हे तीन दिवस आपल्या हक्काचे आहेत. "आज सही केली नाहीं तर हा दर राहणार नाहीं," असें म्हणणाऱ्यापुढें हें पत्रक ठेवावें. कर्जाबरोबर विमा घेतलाच पाहिजे असेंही कोणी सांगेल. परंतु असा विमा कायद्यानें सक्तीचा नाहीं, आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जांतच मिसळला तर त्यावरही वीस वर्षें व्याज भरावें लागतें.

एकत्र कुटुंबांस आमची एक विशेष सूचना आहे. "धाकट्या भावाचें नांव सहकर्जदार म्हणून घाला, वडिलांचें निवृत्तिवेतन दाखवा, म्हणजे रक्कम वाढून मिळेल," असें सुचविणें एजंटास सोपें असतें. परंतु सहकर्जदार हा निम्म्या कर्जाचा नसून संपूर्ण कर्जाचा देणेकरी असतो. जामीनदाराची जबाबदारीही, करारांत उलट कांहीं ठरलें नसेल तर, १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें मूळ ऋणकोइतकीच असते. उद्यां तो धाकटा भाऊ स्वतःच्या संसारासाठीं घर घेऊं लागला, कीं थोरल्याचें कर्ज त्याच्या नांवावर आधींच उभें असतें, आणि त्याच्या वांट्यास येणारी रक्कम त्या मानानें घटते. भावाभावांतील मनें पुष्कळदां अशाच न बोललेल्या गोष्टींवरून दुरावतात. तेव्हां सही करण्यापूर्वीं घर कोणाचें, हप्ता कोण भरणार, आणि कोणी वेगळें राहूं लागल्यास काय करावयाचें, हें सर्वांनीं एकत्र बसून बोलावें व लिहून ठेवावें. बोलण्याची ही जागा घरांतील ओसरी होय. एजंटाचें टेबल नव्हे.

शेवटीं कांहीं व्यवहाराचे नियम. कोऱ्या अर्जावर सही करूं नये, आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगूं नये. आपला अर्ज कोणत्या संस्थांकडे जावा, तें एजंटास लेखी कळवावें. कारण तो सात-आठ ठिकाणीं गेला तर प्रत्येक ठिकाणची चौकशी आपल्या पतीच्या नोंदींत चढते व स्कोअरवर तिचा परिणाम होऊं शकतो. ती नोंद चारही पत-माहिती कंपन्यांकडून वर्षांतून एकदां विनामूल्य मिळते. अर्जापूर्वींच ती मागवून चुका दुरुस्त करून घ्याव्या. मूळ कागदपत्रें बँकेच्या अधिकाऱ्याच्याच हातीं देऊन यादीसह पोंच घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीं तीस दिवसांत परत मिळालीं पाहिजेत; धनकोच्या कसुरीनें उशीर झाल्यास दिवसास पांच हजार रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेविरुद्ध तक्रार असल्यास प्रथम त्या बँकेकडे लेखी करावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें; तेथें फी पडत नाहीं.

सारांश, पायपीट दुसऱ्याकडून करवून घेण्यास आमची हरकत नाहीं. हिशेब मात्र घरांतच व्हावा. स्वतःच्या बँकेचें उत्तर आधीं हातीं असलें, म्हणजे एजंट जें आणील त्याची तुलना करतां येते. तें खरोखर अधिक चांगलें असल्यास आभार मानून घ्यावें, नसल्यास आभार मानून परत करावें.