पाहुण्यांना मैदान जड का जाते?

पाहुण्या संघाला सर्वांत अवघड मैदान कोणते, या वादाला क्रीडारसिकांत कधी तोटा नसतो. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम आला की अशा मैदानांच्या याद्यांचे पीकच येते. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे टायगर स्टेडियम आणि पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे बीव्हर स्टेडियम ही त्यातली नेहमीची नावे; दोन्हीकडे लाखावर माणूस बसतो. १९८८ मध्ये ऑबर्नविरुद्ध लुइझियानाच्या संघाने शेवटच्या दोन मिनिटांत सामना फिरवला, तेव्हा टायगर स्टेडियममधल्या जल्लोषाची नोंद विद्यापीठातल्या भूकंपमापकावर उमटली होती. आपल्याकडे महाविद्यालयाच्या संघासाठी शंभर माणसे जमली तरी क्रीडाशिक्षकाला धन्य वाटते. त्यामुळे हा वाद आपण क्रिकेटवर घालतो, आणि विदर्भात तो फिरून फिरून नागपूरच्या जामठा स्टेडियमवर येतो. तिथे येणाऱ्या संघाचे काही खरे नाही, असे नागपूरपासून वणीपर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगेल. पण मैदान अवघड आहे म्हणजे नेमके कशामुळे, हा प्रश्न या वादात मागे पडतो. त्याचे उत्तर शोधायला हवे, कारण मैदान अवघड करणाऱ्या काही गोष्टी यजमानाने घाम गाळून कमावलेल्या असतात आणि काही निव्वळ लबाडीच्या असतात. पहिल्या जपाव्यात, दुसऱ्या मोडून काढाव्यात, आणि वणीसारख्या गावाने तर पहिल्या प्रकारचे मैदान हट्टाने मागावे, असे माझे म्हणणे आहे.

जामठ्याची कीर्ती पोकळ नाही. २०२४-२५ च्या रणजी हंगामात विदर्भाने नागपुरात उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी, उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले आणि अंतिम सामन्यात केरळवर पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीच्या जोरावर करंडक नेला. २०१८-१९ चा अंतिम सामनाही इथेच झाला होता, सौराष्ट्रविरुद्ध, आणि विदर्भाने तो ७८ धावांनी जिंकला. आता हे सारे प्रेक्षकांच्या गर्जनेमुळे घडले असे म्हणावे, तर रणजी सामन्याला जामठ्याचा बहुतेक भाग रिकामा असतो. नागपूरबाहेर वर्धा रस्त्यावरच्या त्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये चार-पाच दिवस कामधंदा सोडून बसणारा माणूस विरळाच. म्हणजे आवाज नसतानाही मैदान अवघड राहू शकते. उलट आवाज भरपूर असून ते यजमानावरच उलटू शकते. नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याच्या फिरकीला पोषक खेळपट्टीवर दक्षिण आफ्रिकेचा डाव ७९ धावांत आटोपला आणि भारत तीन दिवसांत जिंकला. सामनाधिकाऱ्यांनी त्या खेळपट्टीला निकृष्ट ठरवले. पुढे चारच महिन्यांनी, ट्वेंटी-२० विश्वचषकात, याच मैदानावर न्यूझीलंडच्या फिरकीपुढे भारताचा संघ बाद झाला तोही ७९ धावांतच. मैदान गच्च भरले होते, ओरडा आपल्या बाजूचा होता, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

खेळपट्टीशी केलेला खेळ यजमानांना किती महाग पडतो, याचे दाखले इथेच संपत नाहीत. २००४ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावर हिरवे गवत राखलेले पाहून आपलेच खेळाडू चक्रावले. ऑस्ट्रेलियाने तो सामना ३४२ धावांनी जिंकला आणि ३५ वर्षांनी भारतात मालिका खिशात घातली. २०२४ मध्ये न्यूझीलंडने पुण्यात आणि वानखेडेवर फिरकीच्या खेळपट्ट्यांवरच भारताला हरवून मालिका ३-० अशी जिंकली. मायदेशातल्या सलग १८ मालिका विजयांची साखळी तिथे तुटली. पण विदर्भाच्या वाचकाला यातले सर्वांत बोलके उदाहरण जानेवारी २०१९ मधले वाटावे. रणजीच्या उपांत्य फेरीत केरळने विदर्भाला वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर बोलावले. त्या वेगवान गोलंदाजांच्या खेळपट्टीवर केरळने आधी गुजरातला गारद केले होते, आणि उपांत्य फेरी गाठण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. पण पाहुण्यांकडे कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव होता. केरळचे डाव १०६ आणि ९१ धावांत संपले, उमेशने सामन्यात १२ बळी घेतले आणि विदर्भ दोन दिवसांत डावाने जिंकला. यजमानाने रचलेला सापळा पाहुण्याच्या हाती जास्त धारदार हत्यार असेल तर यजमानालाच कापतो. विदर्भाचा पहिला रणजी करंडकही, २०१७-१८ चा, बाद फेरीत सुरत, कोलकाता आणि इंदूर अशा परक्या मैदानांवर खेळून आला होता, हे इथे विसरू नये.

मग घरच्या मैदानाचा फायदा ही अंधश्रद्धाच का? तसेही नाही. बहुतेक खेळांत यजमान निम्म्याहून अधिक सामने जिंकतात, हे दीर्घकाळच्या आकड्यांतून दिसत आले आहे. वाद आहे तो फायदा कोणत्या वाटेने येतो याचा, आणि त्यातली एक वाट २०२० मध्ये उघडी पडली. साथीमुळे युरोपातले फुटबॉल रिकाम्या मैदानांवर सुरू झाले, तेव्हा जर्मनीत यजमानांचे विजय कमी झाले आणि पाहुण्या खेळाडूंना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाणही घटले. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण कार्ड खेळाडू दाखवत नाही, पंच दाखवतो. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले होते. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. हे पंच विकले गेलेले नव्हते, घाबरलेलेही नव्हते. ते खुर्चीत बसून पडदा पाहत होते. स्पेनमधल्या अभ्यासातही हेच दिसले की यजमान एका गोलने मागे असला की पंच सामन्याला जादा मिनिटे जोडतात आणि पुढे असला की हात आखडता घेतात. गर्दीचा आवाज पाहुण्या खेळाडूच्या पायांपेक्षा पंचाच्या मनावर जास्त काम करतो, असा याचा अर्थ.

हे युरोपचे झाले असे म्हणून सुटका नाही, कारण पंच गर्दीच्या किती जवळ असावा याचा कळस आपल्या कबड्डीत आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’चा उच्चार सलग, स्पष्ट आणि पंचाला ऐकू येईल असा करायचा, हा या खेळाचा पायाच. आता गावातल्या चषकाची रात्र डोळ्यांपुढे आणा. दोरीच्या पलीकडे चारही बाजूंनी माणसे दाटलेली, ध्वनिक्षेपकावर समालोचकाचा आवाज टिपेला, शिट्ट्या आणि हलगी. या गलक्यात पाहुण्या चढाईवाल्याचा दम तुटला की नाही, पकड मध्यरेषेच्या अलीकडे पूर्ण झाली की पलीकडे, बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता का, हे सारे पंचाने क्षणात ठरवायचे. आणि तो पंच बहुधा यजमान मंडळाने बोलावलेला, त्यांच्याच घरी जेवलेला आणि सामना संपल्यावर त्याच गर्दीतून बाहेर पडणारा. अशा मैदानाचा पाहुण्यांना धाक वाटतो, पण तो खेळाचा धाक नव्हे. ‘आमच्या गावात येऊन कुणी जिंकून जात नाही’ ही बढाई ज्या मैदानाबद्दल मारली जाते, तिथे आधी पंचाकडे पाहावे, मग खेळाडूंकडे.

यावर उपाय जगाने शोधलेला आहे आणि त्यात एका मुंबईकराचा वाटा आहे. १९८६ मध्ये पाकिस्तानात वेस्ट इंडीज खेळायला आले, तेव्हा घरचे पंच या कायमच्या तक्रारीला कंटाळलेल्या इम्रान खानच्या आग्रहावरून लाहोरच्या कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. भारत-पाक संबंधांचा इतिहास पाहता याहून मोठे प्रमाणपत्र कोणते? पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे झाले. मैदाने तीच राहिली, प्रेक्षक तेच राहिले, ऑस्ट्रेलियाला त्यांच्या देशात हरवणे तितकेच कठीण राहिले. ब्रिस्बेनच्या गॅबावर तर ते १९८८ पासून कसोटी हरलेच नव्हते; तिथे त्यांना जानेवारी २०२१ मध्ये भारताने हरवून दाखवले. त्या विजयाला जी झळाळी आहे ती यामुळेच की गॅबाची उसळी खरी होती आणि तिथल्या गोलंदाजांनी ती अंगवळणी पाडलेली होती.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. पंच त्रयस्थ आणायचे, खेळपट्टीत ढवळाढवळ करायची नाही, मग घरच्या मैदानाला चव ती काय उरली? सगळे सामने तटस्थ ठिकाणीच का खेळू नयेत? भारतीय क्रिकेट मंडळाने २०१६-१७ च्या रणजी हंगामात ते करून पाहिले. खेळपट्ट्यांच्या कारागिरीला आळा घालण्यासाठी सर्व सामने तटस्थ मैदानांवर ठेवले. एका हंगामात हौस फिटली आणि पुढच्या वर्षी घरची मैदाने परत आली. ज्या सामन्यात दोन्ही संघ परके, तो पाहायला गावातला कोण जाणार? म्हणून मी घरच्या मैदानाच्या बाजूचा आहे. बोलिव्हियाचे ला पाझ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंच आहे. मॅराडोना प्रशिक्षक आणि मेस्सी मैदानात असताना, एप्रिल २००९ मध्ये, अर्जेंटिनाने तिथे सहा गोल खाल्ले. पाहुण्यांना धाप लागते ही बोलिव्हियाची लबाडी नाही; ते तिथे राहतात, तिथेच रोज धावतात. हवा, माती, उजेड, चेंडूची उसळी यांची जी ओळख वर्षानुवर्षे तिथे खेळून होते, ती यजमानाची कमाई आहे. २०२४-२५ च्या हंगामात ६९ बळींचा रणजी विक्रम करणारा हर्ष दुबे असो की आणखी कुणी, घरच्या मातीत चेंडू किती वळेल हे त्याला मोजपट्टीशिवाय कळते, आणि ते कळू नये असे कुठलाच नियम सांगत नाही, सांगूही नये.

आणि नेमकी हीच कमाई करण्याची संधी वणीच्या खेळाडूला मिळत नाही. लोकमान्य टिळक महाविद्यालय किंवा तालुक्यातले दुसरे कुठलेही महाविद्यालय घ्या. ती संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली, आणि विद्यापीठ पाच जिल्ह्यांचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एखाद्या यजमान महाविद्यालयात दोन-तीन दिवसांत उरकतात. वणी या विद्यापीठाच्या पार पूर्व टोकाला. अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास, बुलढाणा त्याहून कितीतरी पुढे. एसटीने रात्र काढून आलेला संघ सकाळी मैदानात उतरतो, हरला की दुपारी परतीची गाडी पाहतो. शिवाय मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मारेगाव, झरी-जामणीकडचा पोरगा आयुष्यभर मातीवर अनवाणी खेळलेला. त्याला बूट घालून मॅटवर वळायचे असते. जगातल्या अवघड मैदानांच्या यादीत या मॅटचे नाव येणार नाही, पण त्याच्यासाठी तेच सर्वांत अवघड मैदान, कारण तिथे तो कायमचा पाहुणा आहे.

म्हणून सूचना साधी आहे. शेजारच्या गावांतल्या महाविद्यालयांनी कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलचे सामने घर-परघर पद्धतीने खेळावेत: एक सामना आमच्याकडे, एक तुमच्याकडे. पाटाळ्याचा पूल ओलांडला की वरोरा येते, पण तिथली महाविद्यालये गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात असल्याने शेजारी असूनही आपल्याशी स्पर्धेत खेळत नाहीत. विद्यापीठाची हद्द वर्धा नदीवर संपते, खेळाची संपायचे कारण नाही. मैत्रीपूर्ण मालिकेला कुणी अडवलेले नाही. वणी, वरोरा, पांढरकवडा, चंद्रपूर एवढ्यांनी सुरुवात केली तरी सकाळी जाऊन रात्री परतता येते. पंच मात्र तिसऱ्या गावचा, त्याचा भत्ता दोन्ही महाविद्यालयांनी मिळून द्यायचा, आणि गुणलेखकही तिसऱ्याच गावचा. मॅट तालुक्यात एक असली तरी आठवड्याचे दिवस वाटून सर्वांचा सराव होतो.

पैसा नाही, परीक्षा आडव्या येतात आणि वर भांडणे होतील, असे म्हटले जाईल. पैशाचे म्हणाल तर दूरच्या एका स्पर्धेच्या प्रवास-भत्त्यात जवळचे अनेक सामने होतात. परीक्षेचे म्हणाल तर मुक्काम नसलेला सामना रविवारी बसतो. भांडणांचा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही; गावोगावच्या चषकांत बक्षिसाच्या रकमेपायी सामने अर्ध्यावर सुटलेले आहेत. पण त्या भांडणांचे मूळ बहुतेकदा पंचाच्या एखाद्या निर्णयात असते. निर्णय देणारा दोघांचाही नसेल, तर हरलेल्याला दोष द्यायला आपली पकड आणि आपला दमच उरतो. बक्षिसाची रक्कम ठेवूच नये. वर्षाअखेरीस एक ढाल पुरे.

असे झाले तर वणीच्या शासकीय मैदानाभोवती आपल्या महाविद्यालयासाठी ओरडायला हजार माणसे जमोत की दोन हजार, त्यांच्या आवाजाला कुणी हरकत घेऊ नये. पाहुण्यांना ते मैदान जड जावे, अगदी खूप जड जावे. फक्त हरून परतणाऱ्या संघाच्या तोंडी पंचाचे नाव नसावे. ‘त्यांची पकड सुटत नाही’ अशी तक्रार असावी. अवघड मैदानांच्या यादीत जायला यापेक्षा वेगळी पात्रता लागत असेल, तर त्या यादीत वणीचे नाव नसलेलेच बरे.