पाचवी चकती

मावशीचा फोन आला की मी आधी चहा ठेवते. अर्ध्या तासाच्या आत तो कॉल संपत नाही. पण २०२२ च्या पावसाळ्यातला तो फोन तीन वाक्यांत आटोपला. ‘तुझ्या भावाला केटी लागलीय. तुझंच ऐकतो तो. जरा कान उपट त्याचे.’

भाऊ म्हणजे माझा मावसभाऊ. मुक्काम लालबाग, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. आणि ते अख्खं वर्ष त्याने घातलं होतं रोबोकॉनमध्ये. (कॉलेजचं नाव लिहायचं नाही, अशी त्याची अट आहे. का, ते पुढे कळेलच!)

माझ्यासारख्या मास कॉमवाल्यांसाठी थोडी माहिती. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या टीव्ही आणि रेडिओवाल्यांच्या संघटनेने कॉलेजच्या टीम्ससाठी सुरू केलेली स्पर्धा. पहिली २००२ मध्ये टोकियोत झाली. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि आपल्याकडचा एखादा खेळ किंवा परंपरा थीम म्हणून देतो. २००८ मध्ये पुण्यात ती झाली तेव्हा थीम होती चक्क गोविंदा! रोबोंनी हंडीतलं लोणी पळवायचं. २०१४ मध्ये पुन्हा पुणे, तेव्हा थीम पालकत्वाची. मोठ्या रोबोने छोट्याला सी-सॉवर, झोपाळ्यावर नेऊन खेळवायचं. आणि २०२२ ची यजमान दिल्ली होती, थीम लगोरी.

आता चाळीच्या अंगणात लगोरी खेळून वाढलेल्या पोराला तुम्ही लगोरी खेळणारा रोबो बनवायला सांगणार, आणि वर त्याने पुस्तक उघडावं अशी अपेक्षा करणार?

खेळ तोच. एका रोबोने चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, दुसऱ्याने ती परत रचायची, आणि तेवढ्यात समोरची टीम चेंडू मारणार. ऐकायला सोप्पं. पण त्या वर्षी कोविडमुळे कॉलेजं कधी चालू तर कधी बंद. डिझाईन झालं व्हिडिओ कॉलवर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. मग खरेदी. सेन्सर आणि मोटर ड्रायव्हर लॅमिंग्टन रोडला, बेअरिंग आणि नटबोल्ट नागदेवीला. गिरगावात मिसळ खिलवायच्या बोलीवर एकदा त्याने मलाही नेलं होतं. ‘ताई, पाचच मिनिटं’ म्हणत साहेब एका स्प्रिंगसाठी तीन तास फिरले. मिसळ मिळाली, पण बिल मी भरलं.

मावशीचा राग मला समजत होता. तिचे सासरे परळच्या गिरणीत फिटर. मशीनचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचे, असं घरात अजून कौतुकाने बोलतात. मुंबईत यंत्रावर जीव लावणारे काही आज जन्मले नाहीत. व्हीजेटीआय १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालं (१९२३ मध्ये माटुंग्याला आलं), तेव्हा त्याच्यासमोरची मोठी गरज गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवण्याचीच होती. पण १९८२ चा संप झाला, आणि सासऱ्यांचं कौशल्य घरात बसलं. यंत्रावरच्या प्रेमाने चूल पेटत नाही, हे मावशीने पाहिलंय. तिला पोराच्या हातात डिग्री हवी होती. स्क्रू-ड्रायव्हर नको.

तर मी कान उपटायला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोचले. टीम दिल्लीहून हरून परतली होती. साहेब जमिनीवर बसून रोबो खोलत होते. एक एक मोटर काढायची, पुसायची, कागदाचं लेबल लावून खोक्यात ठेवायची. मोटर महाग, त्यामुळे पुढच्या वर्षी ज्युनिअर्स त्याच वापरणार.

‘वर्षभराचं काम आणि खोलून टाकतोस?’

‘हंडी फुटल्यावर थर उभे राहतात का, ताई?’

मग त्याने दिल्लीचं सांगितलं. चार चकत्या रचून झाल्या. पाचवी रोबोच्या हातात, स्टेडियममध्ये आरडाओरडा, आणि रोबो जागच्या जागी ठप्प. एक कनेक्टर सैल झाला होता. वायरिंग याचं होतं. रात्री घाईघाईत त्याने तो शेवटचा कनेक्टर ओढून बघितला नव्हता.

‘मग? कुणाच्या लक्षात आलं?’

‘मीच सांगितलं. पिटमध्ये सगळे उभे होते. म्हटलं, माझा कनेक्टर सुटला.’

‘आणि?’

‘कुणीच काही बोललं नाही. मग सीनिअर म्हणाला, चहा घेणार?’

लेक्चर तयार होतं माझं. करिअर, प्लेसमेंट, प्रायॉरिटीज... सगळं. पण त्याने विचारलं, ‘ताई, तुमच्या ऑफिसात चूक झाली की काय करता?’

खरं उत्तर काय होतं? जुना मेल शोधतो. कुणाला सीसीमध्ये ठेवलं होतं ते बघतो. ‘ऍज डिस्कस्ड’ असं लिहिलेली ओळ सापडली की सुटलो! मी तेव्हा नोकरीत होते आणि माझ्याही एका चुकीचं खापर एका इंटर्नवर फुटलं होतं. मी गप्प बसले होते. हे त्याला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

वीसेक पोरांसमोर, वर्षभराची मेहनत वाया गेल्यावर, ‘माझा कनेक्टर’ म्हणायला काय लागत असेल? मला तरी ते कुठल्या सेमिस्टरला शिकवलं नव्हतं.

घरी येऊन मावशीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘सासरेही असेच होते. चूक झाली की आधी स्वतः सांगायचे.’ आणि लगेच, ‘केटीचं काय पण?’

२०१४ च्या त्या पालकत्वाच्या थीममध्ये सगळी कामं फत्ते करणाऱ्या टीमच्या विजयाला नाव होतं ‘शाबाश’. आमच्या मावशीच्या डिक्शनरीत हा शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये थालीपिठांचा डबा पोचला. दहा जणांना पुरेल एवढा.

केटी पुढच्या परीक्षेत सुटली. भाऊ आता तुमच्या-माझ्यासारखाच नोकरीत आहे, लोकलला लटकतो, अप्रेझलला वैतागतो. मीटिंगमध्ये ‘ही माझी चूक’ म्हणतो तेव्हा लोक चमकून बघतात म्हणे. बॉस अजून तरी ओरडलेला नाही.

मी त्या इंटर्नला गेल्या महिन्यात मेसेज केला. सॉरी म्हटलं. उत्तर आलं, ‘इतक्या वर्षांनी? चहा घेऊया का?’

दादरला भेटतोय. बिल मीच भरणार.