पोटात शाळा सुटली, म्हणजे काय झालं?

तापानं फणफणलेलं मूल मधूनच काहीतरी गमतीचं बोलतं आणि सगळं घर हसतं. आई रात्रभर जागलेली असते, बाबा कपाळावरच्या पट्ट्या बदलून थकलेले असतात. त्यांच्या त्या हसण्यावर माझा जराही आक्षेप नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लहान मुलांची डॉक्टर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत, आणि अशा बोलण्यांनी मीही खूप हसले आहे. आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीवर. ते वाक्य मामा-मावशीला फोनवरून कळतं, घरच्या ग्रुपवर फिरतं, आणि दवाखान्यात येईपर्यंत त्याचं नुसतं ‘पोटात दुखतंय म्हणते’ एवढंच उरतं. मुलानं सांगितलेला आजार घरीच राहतो आणि मोठ्यांनी केलेला सारांश माझ्यापर्यंत पोचतो.

चार वर्षांची एक मुलगी टेबलावर बसल्या बसल्या मला म्हणाली, “माझ्या पोटात शाळा सुटलीय.” आई संकोचून म्हणाली, “काहीही बोलते, म्याडम.” मी पोटावर नळी लावली. आत खरोखरच नुसता गलका होता. “मग पोरं पळत कुठं निघालीत गं?” मी विचारलं. “खाली,” ती म्हणाली. तिला तोवर एकही जुलाब झाला नव्हता. जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कसं कालवायचं ते मी आईला तिथंच समजावलं. संध्याकाळी जुलाब सुरू झाले तेव्हा पाणी तयार होतं.

पोटाचं दुखणं मोठ्यांनी परस्पर सांगितलं की फार फसगत होते. लहान मूल कुठलंही दुखणं बेंबीवर बोट ठेवून दाखवतं. टॉन्सिल सुजल्या तरी बेंबी. फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया असला तरी कधी कधी बेंबीच. म्हणून कुठं दुखतंय यापेक्षा कसं दुखतंय याचं उत्तर मला हवं असतं, आणि ते मूलच देऊ शकतं. पाच वर्षांच्या एका मुलाबद्दल ‘हट्टीपणा वाढलाय’ अशी तक्रार होती. तो स्वतः म्हणत होता, “कानात कुकर लावलाय, शिट्टीच होत नाही.” कानाच्या पडद्यामागं पू साठून दाब वाढला की नेमकं असंच होतं. पडदा फुटून पू वाहिला की ठणका एकदम कमी होतो, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. त्या मुलाचा पडदा फुटायच्या आत कान तपासता आला, तो त्याच्या कुकरमुळे.

काही वाक्यं मात्र वरून गमतीची असतात आणि आत भीती असते. उलट्यांनी मलूल झालेला एक मुलगा सलाईन लावून पडला होता. वॉर्डात गेले की तो मला हाक मारायचा आणि सांगायचा, “मी डबा परत दिलाय.” सिस्टरांनाही तेच, झाडायला येणाऱ्या मावशींनाही तेच. सगळ्यांना मजा वाटत होती. मी त्याच्या कॉटवर बसले आणि विचारलं, कसला डबा? त्यानं मोठ्या भावाचा कंपासचा डबा लपवला होता. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. आता डबा परत दिला होता, भावानं तो दप्तरात ठेवलेला त्यानं पाहिला होता, तरी सुई हातातच होती. “आता काढा ना,” तो म्हणाला, “मी दिला की परत.”

वाईट वागलं की शरीराला शिक्षा होते, असं लहान मुलांना मनापासून वाटतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 साली मुलांच्या नैतिक समजुतींवरच्या पुस्तकात या विचाराची सविस्तर मांडणी केली. आपण तर त्याला रोज खतपाणी घालतो. “जेवला नाहीस तर डॉक्टर टोचतील हं.” “मस्ती केलीस म्हणून ताप आला, बघ.” हे माझ्यासमोर, माझ्याच खुर्चीकडे बोट दाखवून बोललं जातं. मला याचा खरंच संताप येतो. तापाला कारण विषाणू असतो आणि अपराधी ठरतं पोर. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की डब्याचा आणि उलटीचा काही संबंध नाही, पोटात जंतू गेले म्हणून उलट्या झाल्या, आणि तू पाणी पचवायला लागलास की सुई काढणार. त्यानं हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग ग्लास मागितला.

तापात मुलं कधी विलक्षण काही पाहतात. “आज्जी बारकी झालीया, बाहुलीएवढी,” असं एक मुलगी ओरडत उठली तेव्हा घरच्यांनी आधी दृष्ट काढली. जवळची माणसं एवढीशी दिसणं, स्वतःचे हात प्रचंड वाटणं, हे वैद्यकाला ठाऊक आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन टॉड यांनी 1955 साली त्याला ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड सिंड्रोम’ असं नाव दिलं. मुलांत ते विषाणूच्या संसर्गात किंवा अर्धशिशीत दिसतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. तरीही मला ते कळायलाच हवं. आणि मूल असंबद्ध बोलता बोलता गुंगीत जात असेल, आईला ओळखत नसेल, मान ताठ झाली असेल किंवा झटका आला असेल, तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा.

माझं मागणं साधं आहे. मूल बोलू लागलेलं असेल तर पहिला प्रश्न त्यालाच विचारावा, आणि तो विचारताना आई-बाबांनी मध्ये उत्तर देऊ नये. वेदना मोजायला आमच्याकडे हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा वाँग-बेकर तक्ता असतो. तीन वर्षांचं मूलही त्यातला आपला चेहरा दाखवतं. तिथंही पालक मुलाचं बोट धरून दुसऱ्याच चेहऱ्यावर नेतात. मुलाला स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडू द्यावं आणि ते ऐकावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात आहे, आणि भारतानं ती संहिता 1992 साली स्वीकारली. दवाखान्यातल्या केसपेपरवर त्यासाठी एक ओळ तरी असावी: मुलाच्या शब्दांत तक्रार.

मी ती ओळ हातानं लिहिते. फ्लूतून उठलेल्या एका सहा वर्षांच्या मुलाच्या कागदावर आईची तक्रार आहे, ‘अशक्तपणा, चालायला कंटाळा करतो.’ त्याखाली त्याचं वाक्य आहे, ‘मी नाही दमलो, पाय दमलेत.’ मी पोटऱ्या दाबल्या तर त्यानं दोन्ही पाय आखडून घेतले. फ्लूनंतर मुलांच्या पोटऱ्यांचे स्नायू असे दुखरे होतात. लघवी गडद होत नाही ना, एवढं पाहत राहायला सांगितलं, विश्रांती दिली, आणि आईनं आणलेली टॉनिकची चिठ्ठी परत केली.